आतली कडी

ग्रामसेविकेची नोकरी म्हणजे नेमकं काय, असं नात्यातल्या बायका मला लग्नकार्यात विचारायच्या. जन्माचे दाखले, मृत्यूचे दाखले, घरपट्टी, नळपट्टी, दिवाबत्ती अशी मी सुरुवात करायचे आणि त्या माना डोलवायच्या. खरं म्हणजे माझी निम्मी नोकरी लोकांच्या संडासापाठीमागं गेली. पण पंगतीत बसून, वाटीत बासुंदी असताना हे कसं सांगणार? आता निवृत्त झाले आहे, म्हणून सांगते. तुम्ही मात्र चकलीची बशी जरा बाजूला ठेवा.

दुसरी गोष्ट म्हणजे मी भित्री आहे. हिंगोलीत देवळामागच्या गल्लीत आमचं घर, वडील कचेरीत कारकून. दिवेलागण झाली की मुलींनी उंबरा ओलांडायचा नाही. कुत्र्याला भ्यायचं, पोलिसाला भ्यायचं, मोठ्यानं हसायलाही भ्यायचं, असं सगळं आईनं नीट शिकवलेलं. अशा मुलीला सरकारनं उचलून थेट खेड्यावर नेऊन सोडलं. तिथं सरपंचाला भ्यायचं, त्याच्या विरोधकाला भ्यायचं आणि लेखापरीक्षणाला तर झोपेतही भ्यायचं. नोकरी पुढं सरकली तशी यातली बरीच भीती बोथट झाली. एक मात्र अजून तशीच आहे आणि तिच्याबद्दलच लिहिते आहे.

गावाचं नाव लिहीत नाही. साखऱ्याकडचं समजा, नाहीतर सिद्धेश्वर धरणाच्या खालचं समजा. जिच्याबद्दल लिहिते आहे ती अजून त्याच गावात राहते. लिहू का, म्हणून मी तिला फोनवर विचारलं. म्हणाली, "लिहा म्याडम. पन गाव नका लिहू. आन माझं नाव कमल लिहा. ते पोरीचं बी आसतं, पोराचं बी आसतं."

संडासाचं काम बाहेरून सोपं दिसतं. सरकारनं अनुदान द्यायचं, लोकांनी बांधायचं, आम्ही मालकाला दारापुढं उभं करून फोटो काढायचा आणि वर पाठवायचा. लोक बांधतातही. नंतर आत काय चालतं ते बघायला सहसा कुणी जात नाही. मी जायची. एका घरी हळदीच्या पोत्यांची थप्पी लावलेली, आणि मालक कौतुकानं म्हणाला, "पावसाचा थेंब येत न्हाई बगा आत." दुसऱ्या घरी नवीकोरी फरशी बघून सासूबाईंनी तिथं देव मांडले होते. घंटी वाजवून बाहेर आल्या आणि मलाच म्हणाल्या, "चपला भाईर काढा म्याडम." एका तांड्यावर आत शेळी व्यालेली होती. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून दार ओढून घेतलेलं. यावर मी काय शेरा मारायचा ते मला शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही.

आणि माणसं जायची गोदरीला. ज्यांना हा शब्द ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, गावाबाहेर परसाकडं जायची जी जागा, तिला आमच्याकडं गोदरी म्हणतात. पुरुषांची एका अंगाला, बायकांची दुसऱ्या अंगाला. पुरुष कधीही जातात. बायका उजाडायच्या आधी नाहीतर अंधार पडल्यावर, आणि एकटी कधीच नाही. "सोबत येती का?" असं सून सासूला विचारते, शेजारीण शेजारणीला विचारते, आठवडाभर बोलणं टाकलेली जाऊसुद्धा जावेला विचारते. एक बसते. दुसरी तिच्याकडं पाठ करून रस्त्याकडं तोंड करून उभी राहते. साप, कुत्रं, माणूस, काही आलं की खाकरते. या सोबतीला कुणी नाही म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही.

मला स्वतःला ती सोबतही नव्हती. घराघरात संडास बांधा म्हणून गावाला सांगणाऱ्या आमच्या ग्रामपंचायतीच्या कार्यालयात संडास नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. मी सकाळच्या एसटीनं यायची, संध्याकाळच्या एसटीनं परत जायची आणि मधे पाण्याचा घोट घ्यायची नाही. सगळ्या ग्रामसेविका असंच करायच्या. आम्ही ते एकमेकींना कधी बोलूनही दाखवलं नाही.

कमलची खोली बसथांब्याला लागून होती. दारात शिलाई मशीन. जवळच्या एका तांड्यावर ती मुलगा म्हणून जन्मली, आणि कळायला लागल्यापासून आपण मुलगी आहोत एवढंच तिला पक्कं माहीत होतं. बापानं मारून बघितलं, अंगारे लावून बघितले, शेवटी बोलणं टाकलं. मग ती साडी नेसून तांड्यावरून निघाली ती या गावात आली. गाव आधी हसलं. काहींनी दगडही मारले. पण ती झंपर असं शिवायची की बाहीला चुणी नाही आणि काखेत ओढ नाही. हळूहळू गावातल्या सगळ्या बायका तिच्याकडं यायला लागल्या. माप घेताना टेप दंडाला लागायची, छातीला लागायची. कुणी कधी अंग चोरलं नाही. बायका तिला "आगं कमल" म्हणायच्या. पुरुष "ते कमल" म्हणायचे.

मी पहिल्यांदा झंपर टाकायला गेले तेव्हा माझं लक्ष तिच्या ओठांकडं गेलं. पांढरे पडलेले, फुटलेले. आरशात मला रोज दिसायचे तसेच.

"पाणी पीत नाहीस का गं?" मी विचारलं.

"तुमी पिता का?" ती म्हणाली, आणि आम्हा दोघींनाही हसू आलं. मग सुईत दोरा ओवता ओवता म्हणाली, "तुमी सांजंला घरी जाता म्याडम. मी कुटं जाऊ? बायांकडं गेले तर बाया हाकलतेत. मानसांकडं तर..." ते तिनं अर्धवटच सोडलं. "म्हून मी ओढ्याच्या पल्याड जाते, जुन्या ईटभट्टीमागं. बायांच्या बी आदी, एकलीच. येकदा दोन जनं मागं आल्ते. तवापासून रोज येगळ्या वाटंनं जाते."

तिनं हे बाहीची लांबी सांगावी तसं सांगितलं.  त्या संध्याकाळी एसटीच्या खिडकीतून ती पडकी भट्टी दिसली तेव्हा मी मान फिरवली.

पुढं गाव गोदरीमुक्त करायचा हुकूम आला आणि त्याच्यासोबत पहाटेचं पथक आलं. गुड मॉर्निंग पथक म्हणायचे त्याला. हातात बॅटऱ्या, तोंडात शिट्ट्या. उघड्यावर बसलेला सापडला की त्याच्या गळ्यात झेंडूचा हार घालायचा, फोटो काढायचा. पुरुषांना पुरुषांनी धरायचं आणि बायकांना बायकांनी, म्हणून पथकात अंगणवाडीताई आणि मी. त्या दिवसांत मी रात्री त्यांच्याकडंच मुक्कामाला असायची. आम्ही दोघी मुद्दाम मोठ्यानं बोलत चालायचो, म्हणजे बायका आधीच पळून जायच्या.

एका पहाटे पथक ओढा ओलांडून भट्टीकडं वळलं. पथकाच्या पुढं तालुक्याहून आलेले साहेब होते, त्यांना मी म्हटलं, तिकडं काही नाही सर, पडकी भट्टी आहे. पण मागं गावातले रिकामटेकडे मोबाइल सरसावून चालत होते, आणि त्यांना तिकडं काय आहे ते ठाऊक होतं. बॅटरीचा झोत भिंतीमागं पडला. कमल बसलेली होती. तिनं उठायचा प्रयत्न केला नाही. फक्त पदर तोंडावरून खाली ओढला.

"मॅडम, बाई आहे, तुम्ही पुढं व्हा," साहेब म्हणाले. माणूस तसा भला होता.

"बाई कुटली सायब, ते कमल हाय," मागून कुणीतरी म्हणालं.

साहेबांचा हार धरलेला हात तसाच राहिला. त्यांच्या नियमात ही अडचण कुणी सोडवून ठेवलेली नव्हती. "मग हिला... याला कुणी धरायचं?" असं त्यांनी खरोखर मला विचारलं. आणि मागून एक आवाज आला, "तपासून घ्या की येकदा सायब. समद्यांलाच कळू द्या." त्यावर सगळे हसले. हसत हसत मोबाइलचे उजेड जवळ यायला लागले.

त्या हसण्याला मी जेवढी भ्याले तेवढी आयुष्यात कशाला भ्याले नाही. त्यात राग नव्हता, मजा होती. रागावलेल्या माणसाची समजूत घालता येते, मजेत आलेल्या माणसांना कसं थांबवायचं ते मला कुणी शिकवलं नव्हतं. पाय कसे हलले ते सांगता येणार नाही. मी कमलच्या पुढं जाऊन उभी राहिले, तिच्याकडं पाठ करून, पुरुषांकडं तोंड करून. "बॅटरी खाली करा," मी म्हटलं.  तेवढ्यात अंगणवाडीताई शेजारी आल्या आणि त्यांनी आपला पदर दोन्ही हातांनी पसरून धरला. साहेबांनी बॅटरी खाली केली, शिट्टी वाजवली आणि सगळ्यांना मागं फिरवलं. माझ्या पाठीमागं टमरेल घरंगळल्याचा आवाज आला, मग पळत्या पायांचा. मी वळून बघितलं नाही. सोबतीला उभं राहिल्यावर वळून बघायचं नसतं.

त्यानंतर बसथांब्याजवळ सार्वजनिक संडास झाला. दोन दारं, एकावर पुरुषाचं चित्र, एकावर बाईचं. गावाचा प्रश्न सुटला असं सगळ्यांनी धरलं. भट्टीकडं जायची तर कमलची आता हिंमत नव्हती. ती आठवडाभर त्या दोन दारांकडं आपल्या मशीनवरून बघत बसली, आणि मग भर दुपारी, थांब्यावर कुणी नसताना, बायकांच्या दारानं जायला लागली. आत शिरली की कडी लावायची. बोटभर लांबीची ॲल्युमिनियमची कडी होती ती. गावातल्या बायकांना हे माहीत होतं. त्यांनी डोळेझाक केली, आणि मीही त्यांच्याबरोबर केली. काही महिने तिचे ओठ बरे दिसत होते.

एका दुपारी गावात लग्न होतं. वऱ्हाडातली एक बाई त्या संडासाकडं गेली, कमल आत जाताना तिनं बघितली, तिचे हात बघितले, उंची बघितली, आणि ओरडली, "आत मानूस शिरलाय!"

मी कार्यालयात होते. एक पोरगी धापा टाकत आली, "म्याडम चला, कमलला मारतेत." मी खुर्चीतून उठले आणि परत बसले.  मग भिंतीला धरून उठले आणि चालत सुटले.

दारापुढं पन्नासएक पुरुष असतील, निम्मे फेट्यातले. फायबरचं दार बाहेरून लाथा बसल्या की आत वाकायचं आणि परत सरळ व्हायचं. प्रत्येक वेळी ती कडी खडखडायची. आतून काहीच आवाज नव्हता. बायका लांब उभ्या होत्या, सगळ्यांच्या अंगात कमलनं शिवलेली झंपरं. एकही पुढं येत नव्हती. त्याही माझ्याइतक्याच भ्यालेल्या होत्या हे मला तेव्हाच दिसलं.

मी वाट काढत दारापर्यंत गेले आणि दाराला पाठ लावून उभी राहिले. काय बोलावं ते सुचेना. शेवटी ग्रामसेविकेला जे येतं तेच बोलले. "हे दार शासनाचं आहे. मोडलं तर ज्याची लाथ बसली त्याच्या घरपट्टीत वसुली लावीन. नावं घेते आहे मी." आज हसू येतं. पण खरं सांगते, माणूस मारू नका म्हटलं असतं तर त्यांनी ऐकलं नसतं. घरपट्टी म्हटल्यावर गावातले दोघं-चौघं मागं सरकले.

मग गयाबाई आली. गयाबाई म्हणजे गावातली म्हातारी, गुडघे गेलेले, काठी टेकत चालायची आणि जिभेला हाड नव्हतं. तिनं काठी एका फेटेवाल्याच्या पोटाला लावली. "आरं, माझं झंपर शिवती ती. आंगाला टेप लावून माप घेती तवा कुनी बोंबललं न्हाई, आन मुतायला बसली तर एवढी तकलीफ व्हय तुमाला? सर तिकडं."

गर्दी सैल झाली, पण गेली नाही. काहीजण थांब्याच्या ओट्यावर बसून राहिले, बाहेर येईल तेव्हा बघू म्हणून. गर्दी शेवटी मोडली ती माझ्यामुळं नाही आणि गयाबाईमुळंही नाही. मांडवातून कुणीतरी हाळी दिली, पंगत बसली चला. आणि माणूस मारायला जमलेले सगळे जेवायला गेले.

"कमल, मी आहे. गेले सगळे," मी दाराशी तोंड नेऊन म्हटलं.

"तुमी खोटं बोलून राहिल्या," आतून आवाज आला. तो तिचा आवाजच वाटेना.

गयाबाईनं सांगितलं, मग परत मी सांगितलं. उन्हं कलली तेव्हा कडी सरकली. कमलच्या बोटांना कडी धरून धरून वळ पडले होते. मी तिला खोलीवर नेऊन सोडलं. त्या दिवसापासून तिनं पाणी पुन्हा सोडलं.

उन्हाळ्यात ती तापानं फणफणली. लघवीला आग, पाठीत कळा. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं, पाणी भरपूर प्या, लघवी दाबून ठेवू नका. परतीच्या एसटीत ती खिडकीला डोकं टेकून बसली होती. "डाक्टर चांगला हाय," म्हणाली, "पन त्याला दार न्हाई ठाव."

मग एक दिवस वरून पत्र आलं. सार्वजनिक संडासात तृतीयपंथी व्यक्तींसाठी स्वतंत्र सोय करायची, कायद्यानं त्यांचा तो हक्क आहे. मला एवढा आनंद झाला की पत्र घेऊन मी सरळ कमलकडं गेले. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"पाटी लावनार का त्याच्यावर?"

"लावावी लागेल."

"म्हंजे आता परगावचं मानूस मला बाई समजून निगून जातंय. तिसऱ्या दारातून भाईर पडले की त्याला बी कळंल." तिनं कात्री खाली ठेवली. "म्याडम, हक्क हाय ते बराबर हाय. पन मला तिथं जाताना समदे बगतील."

तरी दुसरं दार तिला कुणी देणार नव्हतं, म्हणून मी काम पुढं रेटलं.  सरपंच बाई होत्या, पण कारभार त्यांचे यजमान माणिकराव बघायचे. ते म्हणाले, एकीसाठी एवढा खर्च? मी म्हटलं, कायदा आहे. गुडघे गेलेल्या म्हाताऱ्यांसाठी आणि अपंगांसाठी उंच भांडंही त्याच खोलीत बसवू, असं सांगितल्यावर ते तयार झाले. बांधकाम झालं, फरशी झाली, पाटीवर "दिव्यांग व तृतीयपंथी" असं रंगवून झालं. फोटोचा दिवस ठरला. लाभार्थी दारापुढं उभा असल्याशिवाय काम पूर्ण झालं असं धरत नाहीत.

त्या सकाळी तिथं इंजिनिअर साहेब होते, माणिकराव होते, मिस्त्री होता आणि अर्थात थांब्यावरची सगळी माणसं. कमल आली. पदर डोक्यावरून घेतलेला, नजर खाली. तिच्या चालण्यावरूनच ती किती भ्यालेली आहे ते कळत होतं. साहेब म्हणाले, "इथं उभं राहा, कॅमेऱ्याकडं बघा." ती उभी राहिली नाही. आधी तिनं दार उघडून आत बघितलं. दाराच्या आतल्या बाजूवरून हात फिरवला, वरून खालपर्यंत. मग माझ्याकडं वळली.

"म्याडम, कडी भाईरून हाय."

आम्ही सगळे बघत राहिलो. खरंच, कडी बाहेरून होती. चांगली दणकट, कुलूप अडकवता येईल अशी. आतून काही नव्हतं. मिस्त्री गोंधळला. "मला वाटलं हितं झाडू-फिनेल ठेवायचंय," तो म्हणाला. "पुरुष झाले, बाया झाल्या. तिसऱ्यात कोन जानार? म्हून कोठ्याला बसवतो तशी बसवली."

तो खोटं बोलत नव्हता. आत माणूस असेल हे त्याच्या मनातच आलं नव्हतं. आणि माझ्या डोळ्यांपुढं ती लग्नाची दुपार उभी राहिली. तेव्हा कडी आतून होती म्हणून कमल वाचली. या दारात तिला कुणीही बाहेरून कोंडलं असतं, नाहीतर नुसतं ओढून उघडलं असतं.

"फोटोत दार बंदच दिसणार आहे," साहेब म्हणाले. "कडी नंतर बसवू."

"नंतर" या शब्दाचा अर्थ मला सरकारी नोकरीत चांगला कळला होता. मी समोरच्या दुकानातून कडी आणि स्क्रू आणले. मिस्त्री हत्यारं आणायला जातो म्हणाला. कमल खोलीवर गेली आणि मशीनच्या डब्यातला पेचकस घेऊन आली. सगळ्या थांब्यासमोर, गुडघ्यावर बसून, तिनं आतली कडी स्वतः बसवली. स्क्रू दोनदा खाली पडला. मी उचलून दिला. कुणी हसलं नाही. कुणी मदतीलाही आलं नाही.

कडी बसली तरी ती आत जाईना. माणसं बघत होती. तेव्हा गयाबाई काठी टेकत आली, एका हातात तांब्या. तिला आधी कुणी सांगितलं होतं की तिला खरंच घाई होती, ते मी विचारलं नाही.

"हितंच ते उंच भांडं हाय व्हय? माझ्या गुडघ्याला बरं पडंल." मग कमलकडं बघून म्हणाली, "आगं, नुसती काहून उभी? सोबत येती का? दाराशी थांब."

कमल जागच्या जागी थिजली. एवढ्या वर्षांत हा प्रश्न तिला कुणी विचारलाच नव्हता. मग ती हळूच वळली, दाराकडं पाठ केली आणि रस्त्याकडं तोंड करून उभी राहिली. तिनं डोक्यावरचा पदर मागं सारला. तिला बघायला जमलेल्या माणसांकडं ती आता राखण करणारीच्या नजरेनं बघत होती. एकेकजण दुसरीकडं बघायला लागला. मला तेव्हा तिथंच रडू आलं.

गयाबाई बाहेर आली. "जा आता तू. मी हाय."

कमल आत गेली. कडी सरकल्याचा आवाज आला. गयाबाई काठीवर भार देऊन उभी, तिच्या शेजारी मी. माझे डोळे प्रत्येक माणसाच्या पायांवर होते, कुणी पुढं येतो का म्हणून.

"आता घ्या फोटो," मी साहेबांना म्हटलं. "लाभार्थी आत आहे."

त्यांनी बंद दाराचा फोटो काढला.

यानं सगळं बदललं असं मी म्हणणार नाही. त्यानंतर एकदा रात्रीतून कुणीतरी पाटीवर चिखल मारला, एकदा दारावर कोळशानं घाण लिहिलं. कमलनं ते स्वतःच धुतलं. दुसऱ्या गावांतली तिसरी दारं मी पुढं बघितली, तिथं कुलपं होती आणि किल्ली कुणाकडं आहे ते कुणाला माहीत नव्हतं. मी आता हिंगोलीत घरी असते. अजून सकाळी लवकर फोन वाजला की आधी कमल डोळ्यांपुढं येते, मग मी फोन उचलते. ती कडी चार स्क्रूवर आहे. लाथ मारणाऱ्यांनी ठरवलं तर चार स्क्रू किती वेळ टिकणार, हे मला माहीत आहे आणि तिलाही.

तो फोटो मात्र काही दिवसांनी वरून परत आला होता. खाली शेरा होता, "लाभार्थी दिसत नाही." माणिकराव वैतागले, परत काढा म्हणाले. मी तो शेरा घेऊन दुपारी कमलकडं गेले आणि वाचून दाखवला. तिनं मशीन थांबवलं.

"परत वाचा."

मी परत वाचला.

"एवढ्या मोठ्या हापिसात कुनालाच दिसले न्हाई मी?"

"कुणालाच नाही."

ती हसायला लागली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग उठली, कोपऱ्यातल्या माठातून तांब्या भरला आणि उभ्याउभ्या सगळा पिऊन टाकला. तोंड पुसलं आणि दाराबाहेर बघितलं. थांब्यावर वसमतची एसटी लागली होती, ओट्यावर बरीच परकी माणसं बसलेली होती. गयाबाई त्या दिवशी लेकीकडं गेली होती. कमल थोडा वेळ तशीच उंबऱ्यात उभी राहिली. मग माझ्याकडं न बघता, अगदी हळू आवाजात म्हणाली,

"म्याडम, सोबत येता का?"